चेसिसमध्ये पडलेला बोल्ट

गॅरेजमधला सगळ्यात वाईट आवाज कोणता, असे एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारले तर तो इंजिनाच्या खडखडाटाचे नाव घेणार नाही. बोटांतून निसटलेला बोल्ट चेसिसच्या भोकातून आत जातो आणि आत कुठेतरी लांबवर ‘टण्’ असे बारीक वाजते, तो आवाज त्याला नको असतो. जमिनीवर पडलेला बोल्ट वाकून उचलता येतो. हा पोलादाच्या बंद बोगद्यात गेलेला असतो. तिथे हात जात नाही, नजर जात नाही आणि बोगद्याचे दुसरे टोक गाडीच्या पार मागे असते.

नाशिकला गाड्यांच्या सांगाड्याची ओळख करून द्यायला नको. बोलेरो, स्कॉर्पियो, थार ही नावे आपल्या महिंद्रच्या कारखान्यामुळे घरोघरी झाली. सातपूर-अंबडच्या वसाहतींत सुटे भाग बनवणारे किती हात राबतात ते शहराला ठाऊक आहे. या गाड्या जुन्या झाल्या की द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या भागांतल्या लहानमोठ्या गॅरेजांत येतात. तिथे एका गाडीखाली दोन जोड्या पाय दिसतात, आणि त्यातला कोण रोजा धरलेला आणि कोण न धरलेला हे पायांवरून ओळखता येत नाही.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. सध्याच्या वर्षांत तो नेमका द्राक्षांच्या हंगामात येतो आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पिकअप गाड्यांना या दिवसांत उसंत नसते. खुडलेला माल क्रेटमध्ये भरून बसलेला, आणि गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर उभी. ‘चाचा, कधी होईल?’ असा फोन तासातासाला येणार. इकडे मिस्त्रीच्या घशाला पहाटेच्या सहरीपासून पाणी लागलेले नाही, इफ्तारला दीड तास आहे, आणि हेल्परच्या हातून शॉक अब्सॉर्बरच्या कंसाचा बोल्ट नेमका आत गेला आहे. या महिन्यात अशी संध्याकाळ कुठल्या ना कुठल्या गॅरेजवर येतेच.

बोल्ट आत जातो तरी कसा? जीपसारख्या गाडीची चेसिस शिडीसारखी असते. दोन्ही बाजूंना दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. ट्रकमध्ये हा दांडा बहुधा एका बाजूने उघडा, पन्हाळीसारखा असतो. त्यात पडलेली वस्तू दिसते आणि काढता येते. जीपच्या दांड्याचा बराचसा भाग मात्र चारी बाजूंनी बंद पेटीचा असतो, कारण बंद पेटी पिळवटायला कठीण. लहान मोटारींना तर वेगळी चेसिसच नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा, आणि त्यात ठिकठिकाणी अशाच बंद पोकळ्या केलेल्या. या पोकळ्यांना भोके मुद्दाम ठेवावी लागतात. कारखान्यात सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात तेव्हा रंग आतपर्यंत जायला आणि परत निथळायला वाट हवी. पावसाचे पाणी बाहेर पडायला वाट हवी. जोडणी करताना सांगाडा जागेवर धरायला खुंट्या हव्यात, वायरिंगला रस्ता हवा. यातली काही भोके बोल्टापेक्षा मोठी असतात, आणि तीच नेमकी काम करणाऱ्या हाताखाली येतात.

कधी बोल्ट पडत नाही, आतला नट सुटतो. बऱ्याच ठिकाणी नट चेसिसच्या आतल्या बाजूला वेल्डिंगने पक्का केलेला असतो. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला की ते वेल्डिंग तुटते, मग बोल्टाबरोबर नटही फिरू लागतो. बोल्ट कापून काढला की नट आत गळून पडतो. हे प्रकरण पडलेल्या बोल्टापेक्षा अवघड, कारण तिथे जुने काढून भागत नाही, नवेही आत पोचवावे लागते.

अशा वेळी जाणता मिस्त्री आधी काहीच करत नाही. गाडी हलवायची नाही, जॅक उतरवायचा नाही, हवा मारायची नाही. बोल्ट जिथे पडला तिथेच बहुधा असतो. घाईने गाडी मागेपुढे केली की तो दोन फूट सरकतो आणि आडव्या पट्टीच्या सांध्यात जाऊन बसतो. म्हणून आधी बॅटरी धरून जवळची सगळी भोके पाहायची. गाडीच्या आत गालिच्याखाली आणि खालच्या बाजूला रबरी बुचे असतात, ती काढली की आणखी खिडक्या मिळतात. मग लाकडी मुठीने दांड्यावर हलके ठोके द्यायचे आणि कान लावायचा. बोल्ट असलेल्या जागी भरीव आवाजावर एक बारीक थरथर ऐकू येते. आता मोबाइलला जोडायचा वायरीसारखा कॅमेरा मिळतो, त्याच्या टोकाला दिवा असतो. ज्याच्याकडे तो आहे त्याचे निम्मे काम तिथेच होते. तरी ठोका देऊन ऐकणारे अजून आहेत, आणि त्यांचा अंदाज चार बोटे इकडेतिकडे असतो.

चुंबक हा पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो, आणि पहिला अपेक्षाभंगही तोच करतो. चुंबक लोखंडाला धरतो, पण चेसिसही लोखंडाचीच. सळईच्या टोकाचा चुंबक भोकातून आत घातला की तो बोल्टापर्यंत पोचण्याआधी भिंतीला चिकटतो. सोडवला की दुसऱ्या भिंतीला. नवख्या माणसाचा अर्धा तास यातच जातो. यावरची युक्ती साधी आहे. चुंबकावर प्लास्टिकच्या नळीचा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा, फक्त पुढचे तोंड उघडे ठेवायचे. मग बाजूच्या भिंतीशी त्याची पकड राहत नाही आणि समोर येईल तेवढेच तो धरतो. बाहेरून चुंबक फिरवून आतला बोल्ट ओढत आणण्याचा प्रयत्नही लोक करतात. पातळ पत्र्याच्या पोकळीत ते कधी जमते. चेसिसच्या जाड पोलादातून जमत नाही, कारण चुंबकाचा बराचसा जोर ते पोलादच आपल्यात घेते. बोल्ट पितळेचा, ॲल्युमिनियमचा किंवा बऱ्याच जातींच्या स्टेनलेस स्टीलचा असेल तर चुंबक बाजूलाच ठेवावा. तिथे टोकाला चार नख्या उघडणारी लवचीक स्प्रिंगची पक्कड चालते, नाहीतर सळईच्या टोकाला लावलेला घट्ट ग्रीसचा गोळा किंवा उलटी गुंडाळलेली चिकटपट्टी.

आणि मग सुतळी. हा उपाय कुठल्या कंपनीच्या पुस्तकात असेलसे वाटत नाही, पण त्याला तोड नाही. एका भोकातून लवचीक तार आत सरकवायची, पुढच्या मोठ्या भोकातून तिचे टोक बाहेर ओढायचे. तारेच्या मागे सुतळी, सुतळीला मधोमध फडक्याचा घट्ट बोळा. दोन माणसांनी दोन्ही टोके धरून बोळा हळूहळू ओढला की वाटेतला बोल्ट, माती, गंजाचे पापुद्रे सगळे झाडल्यासारखे पुढे येते. भोकाशी आले की चुंबक लावायचा. गाडीचे एक टोक जॅकवर उचलून उतार केला तर काम आणखी सोपे. हवेच्या दाबाने बोल्ट उडवण्याचा मार्गही वापरतात, पण त्यात तो हव्या त्या दिशेला जाईल याची खात्री नाही आणि गंजाची धूळ डोळ्यांत जाते. पूर्ण फसलेल्या कामातच तो करून पाहावा, चष्मा लावून.

सुटलेल्या नटाची गत वेगळी. तिथे बोल्ट आतून बाहेर आणून नट बाहेरून लावायचा, हा पर्याय असतो. बोल्ट बसवायच्या भोकातून तार आत घालून मोठ्या भोकातून बाहेर काढतात. तिच्या टोकाचे वेटोळे नव्या बोल्टाच्या आट्यांवर घट्ट फिरवतात आणि तार मागे ओढतात. बोल्ट आतून प्रवास करत नेमक्या भोकातून डोके वर काढतो. पाहणाऱ्याला जादू वाटते. पाच-सहा वेळा तो वाटेत गळून पडलेला असतो हे पाहणाऱ्याला माहीत नसते.

काहीच चालले नाही तर? गॅस कटर पेटवणारे लोक इथे भेटतात, आणि त्यांच्यापासून गाडी वाचवायला हवी. चेसिसचे पोलाद तापवले की त्या जागी त्याची ताकद बदलते. कापलेली खिडकी पुन्हा वेल्ड केली तरी शेजारची जागा पूर्वीसारखी राहत नाही, आणि आतला गंजरोधक थर जळून गेलेला असतो. दोनशे ग्रॅम लोखंडासाठी गाडीचा कणा दुखवायचा हा उलटा हिशेब झाला.

खरे तर बंद दांड्यात राहून गेलेला एक बोल्ट चेसिसला कमजोर करत नाही. तो गतिरोधकावर वाजेल आणि मालकाचे डोके उठवेल. खालच्या निथळणीच्या भोकात अडकला तर पाणी साचून गंज धरेल. हाच बोल्ट इंजिनाच्या तोंडात किंवा टायमिंगच्या पट्ट्याजवळ पडला असता तर तो निघेपर्यंत चावी फिरवणेही गुन्हा ठरला असता. चेसिसच्या बाबतीत धोका बोल्ट कुठे पडला यात कमी असतो. तो जिथे असायला हवा होता, त्या जागेचे काय केले यात तो जास्त असतो.

बोल्टाच्या डोक्यावर आकडे असतात. ८.८ लिहिले असेल तर तुटण्याआधी तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे ढोबळ हिशेबाने ८० किलोचा ताण सोसतो, आणि त्यातल्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचा ताणला जात नाही. १०.९ चा याहून भारी. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा साधा बोल्ट पुष्कळदा ४.६ चा, म्हणजे ८.८ च्या निम्म्या ताकदीचा. दोन्ही दिसायला सारखे, आटे सारखे, पाना एकच लागतो. सहा वाजत आलेले, घशाला कोरड, मालकाचा फोन. डब्यातला एखादा बोल्ट लावून गाडी सोडून दिली तर कुणाला कळणार आहे? कसारा घाटात भरल्या गाडीचा ब्रेक दाबला जाईल तोवर कुणालाच नाही.

विमानाच्या धंद्यात याच कारणासाठी हिशेबाची शिस्त कडक केली गेली. आपल्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि सुखोई विमाने बांधली गेली. या व्यवसायात एकेका पान्याची मोजदाद असते, आणि हरवलेली वस्तू सापडल्याशिवाय विमान सोडत नाहीत. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड कोसळले, ११३ माणसे गेली. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेली धातूची एक पट्टी त्याच्या टायरखाली आली होती.

गॅरेजला अशी मोजदाद ठेवणारा कुणी नेमलेला नसतो. तिथे मिस्त्रीने मालकाला फोन करून ‘बोल्ट आत पडला आहे, गाडी आज देत नाही’ एवढे सांगायचे असते. सांगणारे सांगतात. त्यावर शिव्याही खातात, आणि त्या दोन तासांचे पैसे बिलात लावत नाहीत. विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूला अरबीत अमानत म्हणतात. मराठीतला ‘अनामत’ हा शब्द तिथूनच आला.

गाडीमालकाने काय करावे, तर एक गोष्ट विचारावी: निघालेला बोल्टच पुन्हा लावला की नवा, आणि नवा असेल तर डोक्यावरचा आकडा तोच आहे का. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. आटे मार खाल्लेले असतील तर तो स्वतःच जुना बोल्ट फेकून कंपनीचा मागवतो. रबरी बुचे परत बसली का तेही बघावे. ती विसरली की पहिल्या पावसात पाणी आत.

नव्या हेल्परला आता बहुतेक उस्ताद पाना हाती देण्याआधी फडका देतात. कामाच्या जागेखालची सगळी भोके फडक्याने नाहीतर कागदी टेपने बंद करायची. गोटी पान्यात बोटभर ग्रीस लावायचे, म्हणजे बोल्टाचे डोके आत धरून राहते. अगदी अडचणीच्या जागी बोल्टाला दोरा बांधायचा आणि दोन-चार आटे धरले की तोडून टाकायचा. काढलेले बोल्ट ताटलीत मोजून ठेवायचे. संध्याकाळी अजानच्या सुमारास खजुराचा डबा उघडतो तेव्हा तीच ताटली शेजारी असते, आणि त्यात नऊ काढलेले असतील तर नऊ भरल्याशिवाय गाडी जॅकवरून उतरत नाही.