बिघडायचं असेल तर आधी ‘चांगली’ असावं लागतं

लोकलच्या गर्दीत ज्यांचा इअरफोन कानातून निसटला, त्यांच्यासाठी एपिसोडचा हा लेखी भाग.

डोंबिवलीकरांना चित्र पाठ आहे. गुढीपाडव्याची सकाळ, फडके रोड, शोभायात्रा. नऊवारी, नथ, डोळ्यांवर गॉगल आणि खाली बुलेट. संस्कारी पण आणि डॅशिंग पण! आजीसुद्धा कौतुकाने फोटो काढते. आता हीच नऊवारी तमाशाच्या फडातल्या बाईच्या अंगावर असती तर? फोटो निघाला असता, पण आजीने नसता काढला.

पॉप म्युझिकमध्ये हा फॉर्म्युला जुना आहे. रिहानाने तर २००७ मध्ये अल्बमचं नावच ठेवलं ‘गुड गर्ल गॉन बॅड’. डिस्नेची ‘हॅना मोंटाना’ म्हणून लहान मुलांची लाडकी झालेली मायली सायरस २०१३ च्या एमटीव्ही सोहळ्यात तोकड्या कपड्यांत ट्वर्किंग करत आली आणि जगभर बोंबाबोंब झाली. कंपनीला यात फायदाच असतो. बालकलाकार मोठी झाली हे एका रात्रीत सगळ्यांना कळतं. पण तेव्हा एक टीका नेमकी झाली होती: तो नाच कृष्णवर्णीय बायकांचा. त्या वर्षानुवर्षं तसं नाचत होत्या, पण ‘चांगली मुलगी बिघडली’ अशी हेडलाइन त्यांच्या वाट्याला आली नाही. चांगलं म्हटलंच कोणी होतं त्यांना?

आपल्याकडे ही गोष्ट जास्त हुशारीने झाली. प्लेबॅकमुळे आवाज एकीचा, अंग दुसरीचं. गाणाऱ्या बाईला बिघडायची गरजच उरली नाही.

सुलोचना चव्हाण आठवा. गिरगावातली मुलगी, आधीची सुलोचना कदम, हिंदी सिनेमात गायची. लग्नानंतर पती श्यामराव चव्हाणांनी लावणीचा ठसका शिकवला, म्हणजे घरातूनच पाठिंबा. शब्द शृंगारिक, आवाज खट्याळ, आणि स्टेजवर बाई अंगभर पदर घेऊन उभ्या. नाच नाही, अदा नाही. जे काही करायचं ते गळ्यातूनच. (हे किती अवघड आहे ते एकदा घरी करून बघा.) आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. हो, कल्याणचं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे तेच अत्रे. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाई गेल्या. मला त्यांच्याबद्दल प्रचंड आदर आहे. पण तो पदर नसता तर मध्यमवर्गाने लावणी घरात घेतली असती का? मला नाही वाटत.

कारण त्याच काळात विठाबाई नारायणगावकर होत्या. भाऊ-बापू मांग यांच्या तमाशाच्या घराण्यात जन्म, आवाज आणि नाच दोन्ही स्वतःचं, दोन्ही हजारो लोकांसमोर. त्यांचा एक किस्सा आजही सांगतात: दिवस भरलेले असताना फडावर उभ्या राहिल्या, मध्येच कनातीमागे बाळंत झाल्या, आणि पुन्हा नाचायला आल्या. यापेक्षा बंडखोर काय असतं? पण त्याला कुणी बंड म्हटलं नाही, पोट म्हटलं. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तरी शेवटचे दिवस हलाखीतच गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. आता राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने आहे.

म्हणून मला ‘गुड गर्ल गॉन बॅड’ हा प्रवास थोडा एकतर्फी वाटतो. चांगल्या घरातली मुलगी तिकडे जाऊन परत येऊ शकते. रील टाकते, लाइक्स घेते, सोमवारी ऑफिसला जाते. तिने जाऊ नये असं मी मुळीच म्हणत नाहीये, मीसुद्धा सोसायटीच्या गणपतीत लावणीवर नाचलेय आणि पुन्हा नाचेन. फक्त ज्यांची वेशभूषा आपण उसनी घेतो, त्यांना इकडे यायला तिकीट मिळत नाही.

पाडव्याला फडके रोडवर बुलेटची रांग लागते ना, त्याच दिवशी जुन्नर तालुक्यात, नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पुढारी येतात, जत्रेची तारीख सांगतात, भाव ठरवतात आणि सुपारी देऊन जातात.