भिंत भांडवली, परिचारिका महसुली

आरोग्य आणि शिक्षणाच्या नियोजनाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा टक्केवारीवर येऊन थांबते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे कोठारी आयोगाने 1966 मध्ये लिहिले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा छापला. सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, असे 2017 च्या आरोग्य धोरणात होते. तिथेही आपण पोचलो नाही. पैसा कमी पडला यात वाद नाही. पण जो होता तो कोणत्या खात्यात धरला गेला, याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. शाळा बांधली की तो विकास, त्या शाळेत शिक्षक ठेवला की तो बोजा, असा हिशेब आपण सत्तर वर्षे मांडत आलो.

हा हिशेब पंचवार्षिक योजनांनी रुजवला. त्या काळी सरकारी खर्चाचे दोन भाग असत, योजनांतर्गत आणि योजनेतर. नवे प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर झाले की त्याचा खर्च योजनांतर्गत. पाच वर्षे सरली की तेच केंद्र चालवण्याचा खर्च, म्हणजे पगार, औषधे, डागडुजी, योजनेतर खात्यात जाऊन राज्याच्या माथी बसे. काटकसरीची वेळ आली की वित्त विभागाची कात्री पहिली फिरे ती याच खात्यावर. त्यामुळे राज्यांनी पुढच्या योजनेत आणखी केंद्रे मागितली आणि जुन्या केंद्रांतली पदे रिकामी ठेवली, तर त्यात मूर्खपणा नव्हता. नियमच तसे होते. रंगराजन समितीने 2011 मध्ये हा भेद मोडीत काढायला सांगितले आणि 2017-18 च्या अर्थसंकल्पात तो गेला. तोवर नियोजन आयोगही उरला नव्हता.

सवय मात्र राहिली, फक्त तिचे नाव बदलले. आता महसुली खर्च आणि भांडवली खर्च. 2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने केंद्राला महसुली तूट आवरायला लावले, राज्यांनीही तसेच कायदे केले. या चौकटीत रुग्णालयाची भिंत ही भांडवली मालमत्ता ठरते आणि त्या भिंतीआड रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा पगार महसुली तुटीत भर घालतो. 2020-21 पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज देते, तेही भांडवली कामांसाठी. केंद्रपुरस्कृत योजनांचा वाटाही पाहा. सर्व शिक्षा अभियानात आरंभी केंद्राचे 85 आणि राज्याचे 15 टक्के होते. 2015 नंतर बहुतेक राज्यांसाठी ते 60 आणि 40 झाले. वाटा घटत जाणार हे ज्या राज्याला ठाऊक आहे, ते कायम पद कशाला निर्माण करील?

मग वाट निघते ती कंत्राटाची, मानधनाची. महाराष्ट्राने 2000 मध्ये शिक्षण सेवक आणले. प्राथमिक शाळेत महिना 3,000 रुपये. 2023 मध्ये ते मानधन 16,000 झाले, पण रचना तीच. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 2005 पासून गावोगावी आशा नेमल्या आणि त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले. दुसऱ्या टोकाला, ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत निकषाप्रमाणे हव्या असलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांपैकी सुमारे 80 टक्के नाहीत, असे केंद्राच्याच 2021-22 च्या आकडेवारीत दिसते. शस्त्रक्रियागृह आहे, शल्यचिकित्सक नाही.

यावर एक आक्षेप सणसणीत आहे: कायम नोकरी दिली की माणूस कामावर येत नाही. 2003 मध्ये देशभर अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांतले सुमारे एक चतुर्थांश शिक्षक गैरहजर आढळले होते, आणि आरोग्य केंद्रांची स्थिती त्याहून वाईट होती. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या अभ्यासात, जिथे तपासणी नियमित होते तिथे गैरहजेरी कमी असते, असे दिसले. तपासणी करायची कोणी? केंद्रप्रमुखाने, गटशिक्षणाधिकाऱ्याने. तीही पदेच, तोही महसुली खर्च, म्हणून तीही बऱ्याचदा रिकामी. देखरेखीची माणसे कमी करायची आणि मग गैरहजेरीचा दाखला देऊन आणखी माणसे नाकारायची, असा हा उफराटा न्याय आहे.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रातूनच येतो. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून आणि गडचिरोलीत बंग दांपत्याने कमी शिकलेल्या गावच्या बायकांकडून आरोग्याचे मोठे काम करवून दाखवले. गडचिरोलीतल्या घरोघरच्या नवजात बाळांच्या शुश्रूषेने बालमृत्यू घटले, हे 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मग महागडे कर्मचारी हवेत कशाला? उत्तर असे की या प्रयोगांत त्या बायकांना कसून प्रशिक्षण मिळाले, कामावर लक्ष राहिले आणि पाठीशी डॉक्टर व रुग्णालय होते. सरकारने त्यातली स्वस्त बाई तेवढी उचलली.

राहिला प्रश्न परवडण्याचा. पगार एकदा चढला की उतरत नाही, ही वित्त सचिवांची धास्ती रास्त आहे. म्हणूनच हिशेब उद्घाटनाआधी व्हायला हवा. कोणत्याही नव्या केंद्राला वा शाळेला मंजुरी देताना दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च, तो केंद्र सरकार किती आणि राज्य किती उचलणार यासह, त्याच आदेशात लिहावा. वित्त आयोगाने शिक्षक आणि परिचारिकांचे वेतन महसुली तुटीच्या मोजणीतून एका मर्यादेपर्यंत वेगळे दाखवू द्यावे. यातून नव्या इमारती निम्म्याने कमी झाल्या तरी चालेल. आधी बांधलेल्या भरल्या तर पुष्कळ. अडचण एकच: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि दहा वर्षांची हमी देणारे केंद्र त्याबरोबर दहा वर्षांच्या अटीही घालील. त्या अटी कुठवर मान्य करायच्या, याची घासाघीस राज्यांनी आत्ताच सुरू करायला हवी.