बँक रिकामी होईपर्यंत

पटावरचा खेळ म्हटला की फासे आणि नशीब आलेच, असा आपला समज असतो. ‘१८३०’ या खेळात फासे नाहीत. ब्रिटनच्या फ्रान्सिस ट्रेशम यांनी १९७४ मध्ये ‘१८२९’ हा खेळ आणला. त्याचे हे अमेरिकी भावंड १९८६ मधले. पेनसिल्व्हेनिया, एरी अशा रेल्वे कंपन्यांचे समभाग खेळाडूंनी घ्यायचे. ६० टक्के समभाग विकले गेले की कंपनी सुरू. सर्वाधिक ज्याच्याकडे, तो अध्यक्ष.

लाभांश वाटला की समभागाचा भाव चढतो. उत्पन्न कंपनीत राखले तर उतरतो. साहजिकच वाटून टाकण्याचा मोह होतो. परंतु चार थांब्यांची पहिली गाडी विकली जाताच दोन थांब्यांच्या साऱ्या गाड्या भंगारात निघतात. कंपनीची तिजोरी अपुरी पडली, तर नव्या गाडीची उरलेली किंमत अध्यक्षाने पदरची भरायची! घसाऱ्याची तरतूद का करावी, हे मला एम.कॉम.च्या पुस्तकांहून या पटाने अधिक नीट शिकवले.

धूर्त अध्यक्ष त्याआधीच आपले समभाग विकून मोकळा होतो. मग २० टक्के बाळगून निश्चिंत बसलेला एखादा भागधारक, इच्छा असो वा नसो, अध्यक्ष होतो. हे नियमांत बसते. तो निश्चिंत भागधारक एकदा मीच होतो.

अखेरीस मोजतात ती खेळाडूची स्वतःची रोकड आणि समभाग. कंपनीची तिजोरी नव्हे. डाव संपतो तो कुणी दिवाळखोर झाल्यावर, अथवा बँकेतील १२,००० डॉलर संपल्यावर. आमच्या शाखेतील मंडळींना हा शेवटचा नियम मुळीच रुचलेला नाही.