पुसलेली फाइल

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आणि जुन्या संगणकांच्या नादी लागले. भंगारवाल्याकडून यंत्रे आणायची, दुरुस्त करायची आणि त्यांचे फोटो, माहितीपुस्तिका, प्रोग्रॅम असे सगळे आपल्या ऑनलाइन संग्रहालयात मांडायचे. तिकीट नाही, उत्पन्न नाही. घरच्यांच्या मते हा भंगाराचाच धंदा, फक्त तोट्यातला. जुन्या मदरबोर्डवरची बॅटरी गळली की अल्कली बाहेर येते. ती उघड्या हाताने पुसून त्यांनी एकदा बोटे भाजून घेतली होती. तेव्हा मलम मी दिले, आणि रागावलोही.

मागच्या महिन्यात मी त्यांना माझ्या एम.डी.च्या प्रबंधाच्या तीन फ्लॉप्या दिल्या. सव्वापाच इंची, प्रत्येकी १.२ एमबीच्या, आज मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावत नाही. साल १९९६, विषय क्षयरुग्णांमधील एचआयव्ही संसर्ग.

फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या चकतीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप. आपल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. तशीच चालवली तर लेप खरवडला जातो, म्हणून आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलकेच पुसायची. मग फाइली कॉपी न करता अख्ख्या चकतीची जशीच्या तशी नक्कल घ्यायची. तिला ‘इमेज’ म्हणतात. ती एम्युलेटरला दिली की आजचा संगणक तेव्हाच्या संगणकासारखा वागू लागतो आणि पडद्यावर वर्डस्टार उघडतो.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. “डॉक्टर, अजून काही चढवलेलं नाही. तुम्ही आधी येऊन बघा.”

पडद्यावर माझीच यादी होती. नाव, वय, गाव आणि शेवटच्या रकान्यात तपासणीचा निकाल. प्रबंध सादर करण्यापूर्वी ती मी स्वतः पुसली होती. पण डॉसमध्ये फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलते आणि ती जागा मोकळी झाल्याची नोंद होते, एवढेच. मजकूर तिथेच राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. नुसत्या फाइली कॉपी केल्या असत्या तर यादी आली नसती. इमेजमध्ये ती आली.

सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. यादीतल्या बहुतेकांना तिथवर पोहोचता आले नसावे. पण त्यांची मुले आहेत, गाव तेच, आडनाव तेच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही. आणि कायदा नसता तरी मी त्या माणसांना शब्द दिला होता.

स्नेह्यांनी इमेजमधल्या मोकळ्या जागांवर शून्ये भरली. मूळ फ्लॉपी मात्र जपून ठेवायचा त्यांचा आग्रह होता. त्यावर आमचे तासभर वाजले. शेवटी यादीच्या दोन्ही फ्लॉप्या मी त्यांच्यासमोर कात्रीने कापल्या; ते खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसरीत फक्त वर्डस्टार होता. ती संग्रहालयात आहे, माझ्या गिचमिड अक्षरातल्या लेबलासकट.