डॉग ग्रूमरला टिप द्यायची का? द्यायची तर किती? समजून घ्या साधा हिशेब

रविवारची सकाळ. सोसायटीच्या दारात ग्रूमिंगची व्हॅन उभी. दीड तासाने शिह त्झू जातीचं कुत्रं स्वच्छ, सुगंधी आणि थोडं रुसलेलं असं बाहेर येतं. बिल १५०० रुपये. मोबाइलवर पैसे भरताना स्क्रीनवर आणखी एक प्रश्न येतो : टिप द्यायची आहे का? ५०, १०० की १५०?

हॉटेलात बडीशेपेच्या ताटलीत किती ठेवायचे, हे आपल्याला सवयीने कळतं. ग्रूमरच्या बाबतीत ती सवय अजून लागलेली नाही. इंटरनेटवर शोधलं की उत्तर मिळतं १५ ते २० टक्के. पण ते उत्तर पुणे, ठाणे किंवा नाशिकमध्ये जसंच्या तसं लागू होतं का?

२० टक्क्यांचा आकडा कुठला?

हा आकडा अमेरिकेतला आहे. तिथे ८० डॉलरचं बिल झालं तर ग्रूमरला १२ ते १६ डॉलर टिप देण्याची रीत आहे. त्यामागे तिथली वेतनपद्धत आहे. अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. मात्र टिप मिळणाऱ्या कामगाराला मालक थेट २.१३ डॉलरही देऊ शकतो. अट एवढीच, की टिप धरून किमान वेतन भरलं पाहिजे. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. काही राज्यांचे दर जास्त आहेत, पण टिप म्हणजे पगाराचाच भाग, हा समज तिथे पक्का आहे. रेस्टॉरंटमधली ही सवय पुढे सलून, टॅक्सी आणि ग्रूमिंगपर्यंत पोहोचली.

२०२५ मध्ये तिथे टिपच्या उत्पन्नावर वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत करवजावट देणारा कायदा झाला. त्यासाठी सरकारने काढलेल्या व्यवसायांच्या यादीत पाळीव प्राण्यांची देखभाल करणारेही आहेत.

भारतात काय वेगळं आहे?

भारतात टिप गृहीत धरून कमी किमान वेतन ठरवण्याची पद्धत नाही. टिप ही पूर्णपणे ग्राहकाच्या इच्छेवर असते. हॉटेल-रेस्टॉरंटनी बिलात आपोआप सेवाशुल्क जोडू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. त्या सूचना ग्रूमिंग सलूनसाठी नाहीत, पण तत्त्व तेच : टिप मागून घ्यायची नसते, ती खुशीने द्यायची असते.

अर्थात, ही खुशी आपल्याला नवी नाही. दिवाळीला पोस्टमन, वॉचमन आणि कचरा नेणाऱ्यांना पोस्त देणारी घरं आजही आहेत. फरक एवढाच, की पोस्त वर्षातून एकदा दिली जाते आणि तिचा टक्केवारीशी संबंध नसतो.

ग्रूमर नेमकं काय करतो?

‘कुत्र्याला आंघोळ घालायचे एवढे पैसे?’ असं अनेकांना वाटतं. पण आंघोळ हा कामाचा सोपा भाग. ब्लोअरच्या आवाजाने बिथरलेल्या कुत्र्याला शांत ठेवायचं, कान साफ करायचे, पंज्यांमधले केस कापायचे, पावसाळ्यात गोचिडी शोधायच्या, ही सगळी कामं जपून करावी लागतात. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. कात्री एखाद-दोन मिलिमीटर पुढे गेली तरी रक्त येतं. काळ्या नखात तर ती दिसतही नाही.

शिह त्झू, पूडल, ल्हासा या जातींचे केस वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात आणि त्या कातडीपर्यंत जातात. त्या सोडवताना कुत्र्याला दुखतं. दुखलं की ते चावतं. म्हणजे घरी न केलेल्या कामाची जोखीम ग्रूमरच्या हातावर येते.

मग किती द्यायचे?

याचा ठरलेला नियम नाही. पण हिशेब सोपा करायचा तर असा करता येईल :

• नेहमीचं काम, शांत कुत्रं : बिलाच्या ५ ते १० टक्के. १५०० रुपयांवर ७५ ते १५० होतात; १०० ची नोट पुरेशी आहे.

• केसांच्या गाठी, खूप गोचिडी, घाबरट किंवा चावरं कुत्रं : १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण २०० ते २२५ रुपये.

• फक्त नखं कापणं : टक्केवारी काढत बसू नका. ३०-५० रुपये ठीक.

• दोघांनी मिळून काम केलं : टिप दोघांच्या हातात वेगवेगळी द्या. धरणाऱ्यालाही तितकीच जोखीम असते.

• सलूनचा मालकच ग्रूमर : दर त्यानेच ठरवलेला असतो, त्यामुळे टिप दिली नाही तरी गैर नाही.

बिलावर जीएसटी असेल तर टिपचा हिशेब कर वगळून करा. गाठींसाठी लावलेलं जादा शुल्क म्हणजे टिप नव्हे. ते सलूनकडे जातं. त्यातला वाटा काम करणाऱ्याला मिळतोच असं नाही.

रोख की ऑनलाइन?

टिप कोणाच्या खिशात जाते, हा खरा प्रश्न. सलूनच्या क्यूआर कोडवर भरलेले जादा पैसे मालकाच्या खात्यात जातात. त्यामुळे रोख द्या, नाहीतर ग्रूमरला त्याचा स्वतःचा यूपीआय विचारा. ॲपवरून बुकिंग असेल तर टिप पूर्ण कामगाराला मिळते का, हे अटींमध्ये एकदा वाचून घ्या.

टिप काम झाल्यावरच द्या. सेवा मिळण्याआधीच टिप मागणाऱ्या सुविधेबद्दल मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका ॲप-आधारित टॅक्सी कंपनीला नोटीस पाठवली होती. आधी दिलेली टिप ही कौतुक राहत नाही, ती बोली होते.

काम बिघडलं तर?

टिप देऊ नका, पण गप्पही बसू नका. नख जास्त कापलं गेलं, कातडीला जखम झाली, तर लगेच फोटो काढा, सलूनला कळवा आणि पशुवैद्याकडे जा. हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांची दुहेरी लव उन्हाळ्याच्या नावाखाली सरसकट भादरून दिली असेल तर जाब विचारा. ती लव उन्हापासूनही संरक्षण देते. मात्र गाठी इतक्या घट्ट असतील की केस बारीक करण्यावाचून पर्याय नव्हता, तर तो दोष ग्रूमरचा नाही.

पैशांशिवाय काय देता येईल?

बजेट बसत नसेल तर ओशाळण्याचं कारण नाही. ॲपवर नावानिशी चांगला अभिप्राय लिहा, कारण पुढची कामं अनेकदा रेटिंगवर मिळतात. वेळेवर तयार राहा. घरी आलेल्याला पाणी विचारा.

आणि दोन गोष्टी टिपपेक्षा मोठ्या आहेत. पहिली, रेबीजची लस वेळेवर द्या आणि नोंदवही ग्रूमरला दाखवा. दुसरी, कुत्रं आधी कोणाला चावलं असेल तर ते लपवू नका. ‘आमचा काही करत नाही हो’ असं म्हणून दार ओढून घेतलं, तर नंतर दिलेल्या शंभराच्या नोटेने हाताची जखम भरत नाही.