नवतप्यातला थंड काढा

पहाटे ५

नवतप्याचा आज तिसरा दिवस. पाचलाच गच्चीची फरशी पायाला कोमट लागते. नागपुरात या नऊ दिवसांत गॅसजवळचं काम उजाडायच्या आत उरकायचं, नाहीतर पोळ्यांबरोबर आपणही शेकतो. संध्याकाळी सहाला भिशी माझ्याकडे, बारा जणी. गेल्या खेपेला पन्हं होतं, त्याआधी लिंबाचं सरबत. या वेळी ‘आइस टी कर ना’ अशी फर्माईश आली आणि लगेच दोघींनी हात वर केले: चहा नको, रात्री झोप येत नाही. म्हणजे चहापत्तीशिवायचा चहा.

बरणीत अंबाडीची वाळकी बोंडं आहेत. डिसेंबरात यवतमाळकडून दिराच्या शेतातून आलेली, कपाशीच्या धुऱ्यावरची. ओली असताना मधला बियांचा हिरवा गोळा ढकलून काढायचा आणि भोवतीची लाल, मांसल साल सावलीत वाळवायची. दिसते पाकळीसारखी, पण पाकळ्या केव्हाच गळून गेलेल्या असतात. ही फुलाखालची निदलं. सातवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे हा शब्द तोंडून गेल्याशिवाय राहत नाही. इजिप्तमध्ये हेच लाल पाणी ‘करकदे’ म्हणून पितात आणि आमच्याकडे निम्म्या घरांत अंबाडी म्हणजे फक्त भाजी.

पहाटे ५.२०

दीड लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात. ॲल्युमिनियम नको, इतका आंबट द्राव त्यात ठेवत नाहीत. पाणी खळखळलं की गॅस बंद, आणि मग ५० ग्रॅम बोंडं, इंचभर ठेचलेलं आलं. झाकण.

गॅस बंद करून टाकायचं हे मी गेल्या वर्षी हात पोळून शिकले. तेव्हा आपल्या नेहमीच्या चहासारखं वीस मिनिटं उकळलं होतं. अंबाडी भेंडीच्या कुळातली. उकळत ठेवली की तो बुळबुळीतपणा पाण्यात उतरतो. सरबत चमच्यावरून ओघळेना. त्या दिवशी पाहुण्यांना शेवटी ताक दिलं.

सहा-सात मिनिटं झाल्यावर गवती चहा. गॅलरीतल्या कुंडीतली आठ-दहा पाती, कडा करवतीसारख्या, रोज एक तरी चरा देतात. हाताने चुरगळून गाठ मारायची आणि बुडवायची. लिंबाच्या सालीत असतं तेच सिट्रल यात असतं, म्हणून वास लिंबाचा. हा वास उडून जाणारा आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवण्यात राम नाही.

सासूबाई उठून दारात उभ्या.

“कोणाले ताप आला का वं? काढा काहून करून राह्यली?”

“काढा नाही आई, थंड चहा आहे. भिशीसाठी.”

“चहापत्ती कुठी हाय मंग?”

मुद्दा बरोबर होता. पाला, मुळं, साल पाण्यात उकडून गाळलेलं जे काही असतं त्याला आपल्याकडे काढाच म्हणतात. पण भिशीला काढा ठेवलाय म्हटलं तर कोण येईल?

पहाटे ५.४०

मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडकं पिळायचा मोह आवरायचा; पिळलं की गढूळ होतं. दीडशे ग्रॅम खडीसाखर आणि चिमूटभर शेंदेलोण आत्ताच, गरम असतानाच घातलं. गार पाण्यात साखर तळाशी बसून राहते आणि शेवटचा घोट घेणारीला पाक मिळतो. गूळ चालला असता, पण हा रंग मातकट होतो आणि या पेयाचं निम्मं कौतुक रंगाचंच.

थोडं ओट्यावर सांडलं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजलेल्या फडक्याने पुसायला गेले तर डाग निळसर हिरवा झाला. लेकीला झोपेतून उठवून दाखवलं. वर लिंबाचे दोन थेंब टाकले, पुन्हा लाल. “लिटमस!” म्हणाली आणि परत जाऊन झोपली. शाळेत अख्ख्या तासिकेत न होणारं काम.

सकाळी ८

काढा (घरात आता हेच नाव पडलंय) कोमट झाला. त्यातला एक ट्रे भरून फ्रीजरमध्ये ठेवला. हा माझा खरा डाव. लोक मोठ्या प्रेमाने गरम अर्क बर्फावर ओततात आणि मग पाणचट झाला म्हणून बर्फाला दोष देतात. हिशेब साधा आहे: एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी एक लिटर पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणताना निघते. म्हणजे गरम द्राव बर्फाने गार करायचा, तर जवळपास तेवढंच पाणी त्यात मिसळणार. आधी आपणहून गार होऊ द्यावं, मग फ्रीज, बर्फ अगदी शेवटी. आणि त्यातला काही बर्फ त्याच काढ्याचा.

सकाळी १०

टरबूज. अर्ध्याचे बोराएवढे तुकडे करून, बिया काढून, ताटात सुटे मांडून फ्रीजरमध्ये. गोठले की तेही बर्फाचंच काम करतात. अंबाडी स्वतः आंबट, तेव्हा जोडीला फळ गोडच हवं. कैरी घालायचा सल्ला यांनी दिला होता, तो मी ऐकला नाही.

दुपारी १२ ते २

पोळ्या सकाळीच झालेल्या. जेवण, आवराआवर, कूलरमध्ये बादलीभर पाणी. वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या की घराला पहिल्या पावसाचा वास येतो. झोप.

दुपारी २.२०

लाईट गेली.

कूलर थांबला की जी शांतता पसरते ती नवतप्यात फार भीतीदायक असते. लेक फ्रीज उघडायला धावली, तिला अडवलं. बंद फ्रीजर दोन-तीन तास सहज धरून ठेवतो, उघडलेला नाही. पण काढ्याचं पातेलं मी आळसाने अजून फ्रीजमध्ये ठेवलंच नव्हतं. ते ओट्यावर, आणि ओटा हाताला गरम.

सासूबाईंनी काही न बोलता परात काढली. परातीत चार बोटं पाणी, मधे झाकलेलं पातेलं, त्याभोवती जुन्या धोतराचा ओला फेर, टोकं पाण्यात बुडालेली. सगळं उचलून पश्चिमेच्या खिडकीत, ताटी अर्धी सरकवून, वारा लागेल पण ऊन लागणार नाही असं. बाहेर लू वाहत होती, आणि इथे तीच कामाची. हवा इतकी कोरडी की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना पातेल्याची उष्णता घेऊन जातं. मुंबईत हे जमलं नसतं. तिथल्या दमट हवेत फडकं नुसतं ओलं राहतं. दर अर्ध्या तासाने त्या उठून फडक्यावर तांब्या ओतत होत्या. चारला मी बोट बुडवून पाहिलं. माठातल्या पाण्याइतकं गार.

संध्याकाळी ५.१०

लाईट आली. फ्रीजर उघडला: लाल खडे कडेने ओलसर, पण शाबूत. टरबुजाचे तुकडे एकमेकांना चिकटून एक मोठा गड्डा झालेला, तो उलथन्याने फोडला. दोन चमचे सब्जा वाटीत भिजत घातला. पंधरा मिनिटांत फुगला. पातेल्यात माठातलं सव्वा लिटर पाणी मिसळलं. चव घेतली, लिंबाची गरज नव्हती.

संध्याकाळी ६.१५

ग्लासात आधी टरबूज, मग दोन लाल खडे, चमचाभर सब्जा, वरून काढा, आणि गवती चहाचं एक पान उभं. पहिले दोन-तीन घोट कोणी बोललं नाही. मग एकदम सगळ्या. कोकम आहे का? नाही. डाळिंब? नाही. जास्वंद? जवळ आलात. अंबाडी म्हटल्यावर एकीने ग्लास उजेडात धरून पाहिला. “आमच्याकडे भाजीचीच पेंडी येते गं.” दुसरा ग्लास बारांपैकी नऊ जणींनी घेतला. भिशीची चिठ्ठी निघाली तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

सासूबाईंनी बर्फाचा नको म्हणून बाजूला काढून ठेवलेला पेला घेतला, एका दमात संपवला आणि “गोड कमी हाय” एवढंच बोलल्या.

रात्री ८.३०

सकाळची गाळून राहिलेली बोंडं मी टाकायला निघाले होते. त्यांनी ती केव्हाच फ्रीजमध्ये वाटीत ठेवली होती. आता कढईत तेल, ठेचलेला लसूण, लाल मिरच्या. त्यावर ती बोंडं, मीठ, गुळाचा खडा. पाट्यावर दोन हात. ज्वारीची भाकरी आणि ती चटणी, एवढ्यावर सगळ्यांची जेवणं झाली. यांनी विचारलं, भिशी परत कधी आहे.