मीठ मागे, बर्फ पुढे

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याकडे घसरू लागला, की रात्री-अपरात्री पिवळे दिवे लुकलुकवत मिठाचे ट्रक रस्त्यावर उतरतात. तिकडे त्यांना ‘ग्रिटर’ म्हणतात. चेशायरमधल्या विन्सफर्डसारख्या खाणींतून आलेले तपकिरी खडेमीठ ते रस्त्यावर पसरतात. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यामुळे बर्फाचा थर धरत नाही. पारा उणे आठ-दहाच्या खाली गेला, की मात्र मिठाचीही मात्रा फारशी चालत नाही.

गोम अशी, की मीठ पडते ट्रकच्या मागे. पुढची चाके अजून मीठ न पडलेल्या रस्त्यावरच असतात. इतरांची वाट सुरक्षित करणारा चालक स्वतः निसरड्या वाटेवर असतो. त्यात ‘ब्लॅक आइस’, म्हणजे बर्फाचा पारदर्शक पापुद्रा, डांबराच्या रंगात मिसळून जातो आणि रात्री दिसतच नाही. भरलेला ट्रक अनेक टनांचा. उतारावर घसरू लागला, तर त्याचे वजनच त्याला पुढे रेटते. मीठ संपत आले, की मागच्या चाकांवरचा भार घटतो आणि चढावर ती जागच्या जागी फिरू लागतात. जोडीला जागरण, धुके आणि मागून घाई करणारे मोटारवाले.

परदेशात गाडी चालवताना असा ट्रक पुढे दिसला, तर अंतर राखा. ओव्हरटेक करू नका. त्याच्यापुढचा रस्ता अजून मिठाविना आहे.